गाडी पळवायची नाही, सलग चढवायची आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेरफार केलेल्या गाड्यांवर परिवहन खात्याने कारवाई केल्याच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून वाचते. फटाके फोडणारे सायलेन्सर, डोळे दिपवणारे दिवे, मडगार्डच्या बाहेर आलेले टायर, आणि अलीकडे त्याच ओळीत इंजिनाचं रिमॅपिंग, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलणं. पहिल्या तिन्हींवरची कारवाई व्हायलाच हवी. चौथ्याच्या बाबतीत मात्र चांगलं आणि वाईट काम एकाच नावाखाली मोजलं जातंय, आणि ज्या धंद्याला खरोखर आळा घालायला हवा तो त्याच्या आडोशाने वाढतोय. पत्र लांबेल, पण विषय दोन ओळींत मावणारा नाही.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवते. शाळेत असल्यापासून मी पंपाच्या बेंचपाशी उभी राहत आले. बेंचवर पंप लावायचा, हजार स्ट्रोकला किती सीसी डिझेल पडतं ते काचेच्या नळ्यांत बघायचं, सगळ्या नळ्यांत पातळी सारखी येईपर्यंत सोडायचं नाही. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा. टर्बोच्या गाडीच्या रोटरी पंपावर एक पडदा असतो. टर्बोचा दाब वाढला की पडदा खाली जातो, त्याच्याबरोबर एक तिरपी पिन खाली सरकते आणि डिझेल वाढतं. ती पिन किंचित फिरवली की गाडीचा स्वभाव पालटतो. वडील ती फिरवत, गाडी पंचगंगेच्या पुलापर्यंत नेऊन आणत, पुन्हा फिरवत. मनासारखं झालं की मुख्य स्क्रूला तार ओवून शिशाचं सील मारत आणि त्यावर दुकानाचा ठसा उमटवत. पुढे त्या पंपाला कुणी हात लावला तर ते लगेच कळायचं.

रिमॅपिंग म्हणजे तेच काम, आता आकड्यांत. पिन गेली, तिच्या जागी किती फेऱ्यांना, किती हवेला किती डिझेल द्यायचं ते सांगणारे इंजिनाच्या संगणकातले तक्ते आले. फक्त शिशाचं सील कुठे गेलं ते कुणी विचारत नाही. मला त्या सीलविषयीच लिहायचं आहे.

आधी दुखणं काय ते सांगते. टर्बो फिरतो तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर. फेऱ्या कमी असतील तर वायू कमी, वायू कमी तर दाब कमी, दाब नाही तर हवा नाही, आणि हवा नाही म्हणून संगणक डिझेलही देत नाही. आपल्याकडच्या १.३ लिटर डिझेल इंजिनाचं उदाहरण घ्या. १२४८ सीसीचं हे इंजिन स्विफ्ट, डिझायर, पुंतो अशा कितीतरी गाड्यांत बसलं. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, तरी हे इंजिन अजून गावोगावी धावतं आहे. स्विफ्टमधल्या ७५ अश्वशक्तीच्या इंजिनाचा पूर्ण जोर, १९० न्यूटन मीटर, मिळतो मिनिटाला २००० फेऱ्यांना. एर्टिगात त्याच इंजिनाला पाती फिरणारा, म्हणजे वायूची वाट गरजेप्रमाणे अरुंद-रुंद करणारा टर्बो लावला, तिथे २०० न्यूटन मीटर १७५० फेऱ्यांना मिळतात. कागदावर फरक अडीचशे फेऱ्यांचा. पण आंबा घाटात दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेऊन बाहेर पडताना काटा नेमका त्याच पट्ट्यात असतो. पाय दाबावा तर गाडी दम खाते. अजून दाबावा तर एकदम उसळते. पावसात, शेवाळलेल्या डांबरावर, समोरून ट्रक उतरत असताना ही उसळी काय करते ते घाटात रोज जाणाऱ्याला सांगायला नको. मागच्या सीटवरच्या पोरांना ओकाऱ्या होतात त्या नुसत्या वळणांनी नव्हे, या हिसक्यांनीही होतात.

माझ्याकडे गगनबावड्याच्या बाजूचे एक पशुवैद्य येतात. वाड्यावस्त्यांवर जायचं, कच्चा चढ, गाडीत औषधांचे डबे, कधी मागे दोन माणसं. त्यांची गाडी पाती फिरणाऱ्या टर्बोची. ते म्हणाले, "ताई, मला काय पळवायची न्हाई. चढाला दम खाऊ नये आन् धरली की एकदम उडी मारू नये, एवढंच करा." गुडघा दुखायला लागला होता त्यांचा, सारखा हाफ क्लच मारून. रिमॅपिंगसाठी येणाऱ्यांत असे लोक बरेच असतात, हे बातम्यांत कधी दिसत नाही. शर्यत लावणारी पोरं दिसतात, कारण ती आवाज करतात.

अशी गाडी आली की मी पहिल्यांदा लॅपटॉप उघडत नाही. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा होज पाइप बघते, कुठे तेलाचा ओघळ आहे का, क्लिप सैल आहे का. ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप, काढून बघते. शहरात चाललेल्या डिझेल गाडीच्या हवेच्या वाटेत काजळीचा इतका थर असतो की बोट आत जात नाही. हवा मोजणारा सेन्सर, डिझेल फिल्टर, इंजेक्टरचं परतीचं डिझेल, टर्बोची पाती मोकळी फिरतात का. मग स्कॅनर लावून तिसऱ्या गिअरमध्ये चढावर गाडी ओढायची आणि दोन रेघा बघायच्या, संगणकाने मागितलेला बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट. मागितले २१०० मिलिबार आणि मिळाले १७०० असतील, तर दोष आकड्यांचा नाही, कुठेतरी हवा गळते आहे किंवा पाती अडकली आहेत. बहुतेक गाड्या या पायरीवरच बऱ्या होतात आणि सॉफ्टवेअरला हात न लावता घरी जातात. जो दुकानदार ही तपासणी न करता अर्ध्या तासात बदललेल्या तक्त्यांची फाइल टाकून देतो, तो गळक्या पाइपवर जास्त दाब चढवत असतो.

पशुवैद्यांच्या गाडीत पाइपही नीट होता आणि पातीही मोकळी होती, म्हणून पुढे गेले.

आजच्या डिझेल गाडीत आपण रेस दाबतो तेव्हा डिझेल मागत नाही, जोर मागतो. पायाची जागा आणि इंजिनाच्या फेऱ्या यांवरून एक तक्ता सांगतो की चालकाला इतके न्यूटन मीटर हवे आहेत. मग दुसरे तक्ते त्यावर कात्री लावतात. इतक्या हवेत याहून जास्त डिझेल टाकलं तर काळा धूर येईल, म्हणून कमी करा. या फेऱ्यांना इंजिन याहून जास्त सोसणार नाही, कमी करा. पाणी तापलंय, कमी करा. गाडी उंचावर आहे, कमी करा. पहिला गिअर आहे, गिअरबॉक्स जपा. या सगळ्यातून जो आकडा उरतो त्याचं डिझेल होतं, आणि मग ते किती दाबाने आणि किती अंश आधी फवारायचं ते ठरतं. टर्बोने किती दाब द्यायचा, त्यासाठी पाती किती मिटायची, याचे तक्ते आणखी वेगळे.

घाटातला हिसका होतो कुठे? धूर रोखणारा तक्ता हवेची वाट बघत डिझेल अडवून धरतो. हवा आली की तो एका झटक्यात बाजूला होतो, आणि चालकाने तोवर पाय खोल नेलेला असतो. मागणी साठलेली, अडसर अचानक निघालेला. हवा आणि डिझेल ही औताची बैलजोडी आहे, एक मागे राहून मग धावत पुढे आला तर तास वाकडं जाणारच. यावर उपाय म्हणजे जोर वाढवणं नव्हे. पाती थोडी आधी मिटवायची, म्हणजे दाब लवकर धरतो. डिझेलची वाढ टप्प्याटप्प्याने होऊ द्यायची. आणि पायाचा तक्ता सरळ करायचा, कारण काही गाड्यांत पाय थोडाच दाबला तरी निम्म्याहून जास्त जोर मागितला जातो, शोरूमबाहेरच्या पहिल्या फेरीत गाडी चपळ वाटावी म्हणून. पशुवैद्यांच्या गाडीचा सर्वात मोठा जोर मी कंपनीने दिला तेवढाच ठेवला. बदलला तो फक्त तिथवर पोचण्याचा रस्ता.

सर्वात मोठ्या जोराला हात न लावण्याचं कारण आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी. टर्बोकडून एकूण दोन बार दाब हवा असेल (किनाऱ्यावरच्या हवेचा दाब सुमारे एक बार) तर रत्नागिरीत हवा दुप्पट दाबावी लागते, महाबळेश्वरात सव्वादोन पटींहून जास्त. म्हणजे तेवढ्याच कामाला टर्बो जास्त वेगाने फिरणार, जास्त तापणार. म्हणून कंपनीच्या तक्त्यांत उंचीची कात्री असते. स्वस्तातली फाइल ती कात्रीच काढून टाकते. चालकाला गाडी मस्त वाटते, आणि काही महिन्यांनी टर्बोचा शाफ्ट हलायला लागतो, सायलेन्सरमधून निळा धूर येतो. खालच्या फेऱ्यांना जोर वाढवतानाही तेच. १५०० फेऱ्यांना भरमसाट जोर दिला तर क्लच प्लेट, फ्लायव्हील आणि कनेक्टिंग रॉड मार खातात. छोट्या टर्बो पेट्रोलमध्ये तर कमी फेऱ्या आणि जास्त दाब असला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेट घेतं, त्याने पिस्टन फुटू शकतो. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या छोट्या टीएसआय गाड्यांतला कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी, हा आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स, २५० न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे. पोलोच्या १.२ टीएसआय इंजिनाचा मूळ जोर १७५. मधली पंचाहत्तरची जागा पाहून फाइलवाले सरळ कडेपर्यंत जातात. ती जागा तापमान, झीज आणि चुकीच्या सवयी यांच्यासाठी ठेवलेली असते.

कंपनी मूळ तक्ते असे का देते, असं गिऱ्हाइकं विचारतात. कंपनीला एकच इंजिन लेह आणि नागपूर दोन्हीकडे चालवायचं असतं. डिझेल कुठल्याही पंपावरचं असणार. उत्सर्जनाच्या चाचणीचं एक ठरलेलं वेळापत्रक असतं, आपल्याकडच्या त्या चाचणीत वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. त्या चौकटीत पास व्हायचं, वॉरंटी सांभाळायची. यात लबाडी काहीच नाही. आणि कंपन्या स्वतःही एकाच इंजिनाला अनेक स्वभाव देतात. टाटांनी २०१४ साली झेस्टच्या टर्बो पेट्रोलमध्ये इको, सिटी आणि स्पोर्ट अशी तीन बटणं दिली, पुढे नेक्सॉनमध्येही. लोखंड तेच, तक्ते तीन, आणि तिन्ही तपासून मंजूर झालेले. माझी मागणी याच्या फार पुढची नाही.

आता अंधारातल्या धंद्याविषयी. उद्यमनगरात आणि बाहेरही मी जे पाहते ते असं. कुणीतरी फोनवरून गाडीचं मॉडेल सांगतो, परगावाहून फाइल येते, ज्याने ती बनवली त्याने गाडी पाहिलेली नसते. स्कॅनर लावायच्या ओबीडीच्या सॉकेटमधून ती चढवली जाते. मूळ फाइलची प्रत गिऱ्हाइकाला मिळत नाही, पुष्कळदा ठेवलेलीच नसते. याहून वाईट म्हणजे रेल प्रेशर सेन्सर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब मोजणारा सेन्सर, आणि संगणक यांच्यामध्ये जोडायची डबी. ती संगणकाला खोटा, कमी दाब सांगते. बिचारा संगणक पंपाला सांगतो दाब वाढव, आणि इंजेक्टर भरमसाट डिझेल सोडतात. आणि सर्वांत वाईट काम म्हणजे काजळी पकडणारी डीपीएफ जाळी आतून पोखरून टाकायची, ईजीआर बंद करायचा, आणि त्यांचे फॉल्ट कोड सॉफ्टवेअरमधून पुसायचे, म्हणजे डॅशबोर्डवर दिवाच लागत नाही. त्या गाडीच्या मागून स्कूटरवर कुणाचं तरी लेकरू जात असतं. याला मी रिमॅपिंग म्हणत नाही, आणि हे करणाऱ्याचं शटर बंद व्हावं असं मला मनापासून वाटतं.

आपली पीयूसी हे पकडू शकत नाही. डिझेल गाडीची पीयूसी म्हणजे उभ्या गाडीला रेस देऊन धुराचा दाटपणा मोजणं. भार नसतो, आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तर मोजलेच जात नाहीत. फवारणी आधी केली, ईजीआर बंद केला की नेमके तेच वाढतात. सॉफ्टवेअरच्या आत काय दडवता येतं ते जगाने २०१५ मध्ये पाहिलं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरत्या शहाण्यासारख्या वागत होत्या. भारतातल्या ३,२३,७०० गाड्या कंपनीने सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावल्या, तेव्हा तेही एक रिमॅपिंगच होतं, सरकारी यंत्रणेच्या नजरेखालचं.

कायद्याचं म्हणाल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ आलं, परवानगीशिवायच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कलम ५२ चा मूळ विचार झाला तेव्हा आपल्याकडच्या मोटारींत कार्ब्युरेटर होते, संगणक नव्हते. इंजिन बदलणं, सीएनजीवर नेणं यांची वाट त्यात आहे, तक्त्यांची नाही. त्यामुळे रस्त्यावरचा अधिकारी दिसेल त्यावर कारवाई करतो. सायलेन्सर दिसतो, पोखरलेली डीपीएफ दिसत नाही.

सीएनजी किटचं आपण काय केलं ते आठवावं. किटला चाचणी संस्थेची मंजुरी लागते, बसवणारा अधिकृत लागतो, नोंदणीत नोंद होते. पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय ही संस्था अशा चाचण्या करते. मग एखाद्या इंजिनाच्या सुधारित तक्त्यांची चाचणी तिथे का होऊ नये? माझ्या दुकानात नायट्रोजनचे ऑक्साइड मोजायची सोय नाही. मी केलेल्या बदलाने जोर वाढला नाही, धूर वाढला नाही, एवढं मी दाखवू शकते. बाकीचं तपासून घ्यायला मी आनंदाने पैसे भरेन, पण तशी खिडकीच उघडी नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने ही खिडकी उघडली आहे. तिथलं हवा मंडळ बाहेरच्या ट्यूनिंगला चाचणीनंतर क्रमांकासह मंजुरी देतं. गाडीच्या संगणकात प्रत्येक सॉफ्टवेअरची एक ओळख आणि तिच्यावरून निघणारा एक पडताळणी क्रमांक असतो, ओबीडी सॉकेटमधून तो वाचता येतो. एकही आकडा बदलला तर क्रमांक बदलतो. जुलै २०२१ पासून तिथल्या धूर तपासणीत हा क्रमांक वाचला जातो. कंपनीचं किंवा मंजूर सॉफ्टवेअर असेल तर पास, तिसरंच काही असेल तर नापास. मी वर म्हटलेलं शिशाचं सील ते हेच. जर्मनीतही असा बदल तपासणी संस्थेकडून मान्य करून गाडीच्या कागदांत चढवावा लागतो, नाही तर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच जातो. दोन्हीकडे ट्यूनिंगचा धंदा मेला नाही, उजेडात आला.

म्हणून परिवहन खात्याला आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला माझी विनंती आहे. ज्या गाड्यांत हा पडताळणी क्रमांक मिळतो त्यांच्या पीयूसीत तो वाचण्याची सक्ती करावी. त्यासाठी लागणारा स्कॅनर महाग नाही, आमच्या गल्लीतल्या पोरांकडेही असतो. मंजूर तक्त्यांची यादी एआरएआयकडे असावी आणि कमाल जोर न वाढवता फक्त सलगपणा आणणाऱ्या बदलांची वेगळी, स्वस्त वर्गवारी करावी. शर्यतीच्या गाड्यांची चाचणी आणि पशुवैद्यांच्या गाडीची चाचणी एकाच दरात ठेवली तर पशुवैद्य पुन्हा अर्ध्या तासाच्या फाइलकडेच जाणार. हे काम करणाऱ्या दुकानांना परवाना द्यावा. आणि डीपीएफ पोखरणाऱ्यावर दुकानदार म्हणूनही कारवाई व्हावी. आज मालक दंड भरतो आणि दुकानदार पुढच्या गाडीला हात घालतो.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या वाचकांपैकी कुणी गाडी घेऊन अशा दुकानात जाणार असेल, तर काम सुरू होण्याआधी मूळ फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर मागून घ्यावी. मागितलेल्या आणि मिळालेल्या बूस्टच्या रेघा कामाआधी आणि कामानंतर छापून घ्याव्यात. केलेला बदल बिलावर शब्दांत लिहून घ्यावा आणि विमा कंपनीला कळवावा. यातल्या एकालाही दुकानदार नको म्हणाला, तर गाडीची चावी परत घ्यावी. जुनी डिझेल गाडी विकत घेणाऱ्यांनी गाडी लिफ्टवर चढवून खालून डीपीएफ जाळी डोळ्यांनी बघावी, तिच्यावर वेल्डिंगची नवी शिवण दिसली तर भाव करत बसू नये.

आपली विश्वासू,
डिझेल पंप दुरुस्ती व्यावसायिक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर